याप्य व्याधी, मनावरील आघात आणि वैद्याचे कारुण्य

चिकित्सालयाची नोंदवही चाळली, तर त्यात रुग्णांचा एक वर्ग ठळकपणे दिसतो. आमवात, संधिगतवात, तमकश्वास, ग्रहणी, मधुमेह अशा व्याधींनी पीडित असलेले हे रुग्ण वर्षानुवर्षे आपल्याकडे येत असतात. कल्प बदलतात, अनुपान बदलते, कधी उतार पडतो, कधी व्याधी पुन्हा उचल खाते. या रुग्णांपैकी काहींच्या आयुष्यात व्याधीच्या आधी किंवा व्याधीबरोबर एखादा जबर आघात झालेला असतो. जवळच्या माणसाचा अकाली मृत्यू, अपघात, घरातील मारहाण, बालपणी झालेला अत्याचार, पूर किंवा भूकंपासारखी आपत्ती, असे त्याचे स्वरूप असते. केसपेपरवर त्याची नोंद बहुधा नसते. कुणी विचारलेले नसते, म्हणून रुग्णाने सांगितलेले नसते.

अशा रुग्णाला वैद्याने नेमके काय द्यायचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. 'कारुण्य' हा शब्द आपण अनेकदा स्वभावगुण म्हणून वापरतो. एखादा वैद्य कनवाळू असतो, एखादा नसतो, एवढ्यावर विषय संपतो. संहितांमध्ये मात्र कारुण्य हे चिकित्सेचे अंग म्हणून सांगितले आहे आणि त्याला निश्चित कर्म जोडलेले आहे. ते कर्म म्हणजे एकाकी पडलेल्या रुग्णाचा माणसांशी तुटलेला संबंध पुन्हा जोडून देणे.

याप्यता आणि टेकू

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात साध्यासाध्यतेचा विचार करताना याप्य व्याधीचे लक्षण दिले आहे. हा व्याधी गंभीर, बहुधातुस्थ, मर्म आणि संधी यांचा आश्रय करणारा व दीर्घकाल राहणारा असतो. पथ्यसेवनाने थोडे सुख मिळते आणि अल्पशा कारणानेही तो पुन्हा वाढतो. सुश्रुताचार्यांनी याप्यासाठी दिलेली उपमा आपणांस परिचित आहेच. पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसे सावरून धरतो, तशी योग्य चिकित्सा याप्य रुग्णाला धारण करते.

या उपमेचा अर्थ व्यवहारात उतरवला पाहिजे. टेकू एकदा लावून निघून जाता येत नाही. तो सरकला का, खालची जमीन खचली का, हे पाहत राहावे लागते. तसेच एकट्या टेकूवर घर उभे राहत नाही; भिंती, तुळया, शेजारच्या घराचा आधार हे सारे त्यात येते. याप्य रुग्णाला औषध हा एक टेकू झाला. त्याचे घरचे लोक, शेजारीपाजारी, समदुःखी माणसे आणि दर महिन्याला भेटणारे वैद्य व औषधालयचालक हे उरलेले टेकू होत. आघात झालेल्या रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच टेकू निखळलेले असतात.

किल्लारीच्या परिसरातून दिसणारे सत्य

याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे जड छत अंगावर कोसळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे पूर्णतः नव्या जागी वसवण्यात आली.

नवी घरे पूर्वीपेक्षा मजबूत होती, रस्ते रुंद होते. परंतु जुन्या गावातील अरुंद बोळ, समोरासमोरचे ओटे, भिंतीला भिंत लागून असलेला शेजार नव्या आखणीत राहिला नाही. ज्या बाईने एका रात्रीत दोन मुले गमावली, तिच्या दुःखाची साक्षीदार असलेली शेजारीण आता चार रस्ते पलीकडे राहू लागली. त्या भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे आज साठीला आलेले जे रुग्ण येतात, ते कटिशूल, संधिशूल, अनिद्रा, हृद्द्रव, अग्निमांद्य अशा तक्रारी सांगतात. घरात दार लावून झोप येत नाही, मोठा आवाज झाला की छातीत धडधडते, गणपती बसले की दुखणे वाढते, हे विचारल्याशिवाय सांगितले जात नाही. आघाताच्या वार्षिक दिवसांच्या आसपास लक्षणे बळावणे ही गोष्ट आधुनिक मानसशास्त्रालाही परिचित आहे. कालाचा विचार करणाऱ्या आपल्या शास्त्राने तर ती सहज टिपली पाहिजे.

त्याच परिसराने दुसरीही गोष्ट दाखवली. पुनर्वसनातील घरदुरुस्तीच्या कामात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या प्रयत्नांतून गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. ज्यांच्याकडे केवळ मदत घेणारे म्हणून पाहिले जात होते, त्या इतरांना माहिती देऊ लागल्या, एकत्र बसू लागल्या. दुःख त्यामुळे नाहीसे झाले असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्याला दुसऱ्याच्या उपयोगी पडता येते, तो पूर्णपणे एकटा राहत नाही.

आघात शरीरात कसा राहतो

शारीरस्थानात शरीर आणि सत्त्व परस्परांचे अनुवर्तन करतात असा सिद्धान्त आला आहे. भय आणि शोक यांनी वातप्रकोप होतो हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. चरक चिकित्सास्थानातील एकोणिसाव्या अध्यायात भयज व शोकज अतिसार स्वतंत्रपणे वर्णिले आहेत. ज्वरप्रकरणात अभिषंगज ज्वराच्या कारणांत काम, शोक, भय, क्रोध यांची गणना आहे. सूत्रस्थानातील अग्र्य द्रव्य-भावांच्या यादीत रोग वाढवणाऱ्या भावांमध्ये विषादाला पहिले स्थान दिले आहे, तर शोषण करणाऱ्यांमध्ये शोकाला.

आधुनिक वैद्यकाची वाटचालही याच दिशेने झाली. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत आघातोत्तर ताणविकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि सहकाऱ्यांनी बालपणातील प्रतिकूल अनुभवांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. अशा अनुभवांचे प्रकार जितके अधिक, तितके प्रौढपणी हृद्रोग, फुप्फुसांचे जुनाट विकार, नैराश्य यांचे प्रमाण अधिक, असा संबंध त्यात आढळला. प्रत्येक आघातग्रस्त व्यक्ती रुग्ण होते किंवा प्रत्येक आमवाताच्या मागे आघात असतो, असा याचा अर्थ नव्हे. इतिवृत्त घेताना हा दुवा शोधावा, एवढाच अर्थ आहे.

'पथ्य पाळले नाही' हे वाक्य

दीर्घकालीन रुग्णाला सर्वांत जास्त दुखावणारे वाक्य अनेकदा चिकित्सालयातच उच्चारले जाते. औषधाचा अपेक्षित गुण आला नाही की, 'तुम्ही पथ्य पाळले नसेल' असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रज्ञापराध ही संकल्पना तर आरोपपत्रासारखी वापरली जाते. आधीच स्वतःला दोष देत असलेला रुग्ण हे ऐकून गप्प होतो, पुढच्या वेळी खरे सांगत नाही, आणि काही महिन्यांनी येणेच बंद करतो.

या ठिकाणी विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायाचे स्मरण करावे. चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या आणि जागरण असताना योग्य मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नदेखील पचत नाही, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे 'मी सगळे पथ्य पाळते, तरी पोट बरे नाही' असे रुग्णा म्हणते तेव्हा ती शास्त्रसंमत गोष्टच सांगत असते. तिच्यावर विश्वास ठेवून पुढचा प्रश्न विचारणे हे वैद्याचे काम आहे. झोप कशी आहे? घरी जेवताना वातावरण कसे असते? मनाला कसली धास्ती आहे का?

तसेच जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात अग्निवेशाचा प्रश्न आहे. प्रकृती, आहार, बल, सात्म्य, सत्त्व, वय सारे भिन्न असताना अनेक माणसे एकाच वेळी कशी नष्ट होतात? उत्तरात वायू, उदक, देश, काल या सर्वसाधारण भावांची दुष्टी सांगितली आहे. तिचे मूळ शोधतानाही ग्रंथ प्रथम देश-नगरांच्या प्रमुखांच्या अधर्माकडे बोट दाखवतो, अंथरुणावर पडलेल्या माणसाकडे नाही. प्रज्ञापराधाचा विचार पुढील प्रतिबंधासाठी करावयाचा असतो. घडून गेलेल्या आघाताबद्दल पीडिताला जबाबदार धरण्यासाठी तो शब्द नाही.

आश्वासन हे औषध आहे

चरकाचार्यांनी वैद्यवृत्ती चतुर्विध सांगितली. सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थ, म्हणजे मरणोन्मुख, व्यक्तीविषयी उपेक्षा. येथील उपेक्षा म्हणजे हेळसांड नव्हे. अटळ गोष्टीपुढे वैद्याने राखावयाचा समतोल होय. याप्य रुग्ण या विभागणीत कोठे बसतो, याचा आपण क्वचितच विचार करतो. तो पूर्ण साध्य नाही, मरणोन्मुखही नाही. तो आर्त आहे, आणि दीर्घकाळ आर्त राहणार आहे. म्हणून त्याच्या वाट्याला कारुण्य येते, तेही एका भेटीपुरते नव्हे.

हे कारुण्य कृतीत कसे दिसते? भयज-शोकज अतिसारात वातहर चिकित्सेच्या बरोबरीने हर्षण व आश्वासन सांगितले आहे. उन्मादाच्या प्रकरणात इष्ट वस्तू किंवा व्यक्तीच्या नाशाने मन उपहत झालेल्यास तत्सदृश प्राप्ती, सांत्वन आणि आश्वासन यांनी शांत करावे असे म्हटले आहे. अर्थात आश्वासन हे चिकित्सासूत्राचा भाग आहे. 'काळजी करू नका, होईल ठीक' एवढे म्हणणे म्हणजे आश्वासन नव्हे. ज्याला आपला व्याधी याप्य आहे हे ठाऊक आहे, त्याला ते वाक्य खोटे वाटते. 'हा आजार मुळापासून जाईल असे मी सांगत नाही. पण दुखणे कमी ठेवता येईल, आणि वाढले तर काय करायचे ते आपण दोघे ठरवू,' हे खरे आश्वासन होय.

अग्र्य भावांच्या त्याच यादीत आश्वास देणाऱ्यांमध्ये उदक श्रेष्ठ मानले आहे. लांबून आलेल्या रुग्णाला बसायला सांगून आधी पाण्याचा पेला पुढे करणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. नाडीवर बोट ठेवण्यापूर्वीची ती दोन मिनिटे वाया जात नाहीत.

रुग्णाच्या चार गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली स्थिती सांगता येणे, हा गुण येतो. आघाताने नेमका हाच गुण क्षीण होतो. घटना तुटक आठवते, काळवेळ जुळत नाही, मधेच रडू येते किंवा रुग्ण एकदम कोरडा होतो. अशा वेळी 'नीट सांगा' असे दटावू नये. त्याचप्रमाणे सगळे एकाच बैठकीत वदवून घेण्याचा आग्रहही धरू नये. आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला घटनेचे सविस्तर कथन करायला लावण्याची पद्धत आज मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीन कर्मे सांगितली आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. रुग्ण जेवढे सांगेल तेवढे ऐकावे आणि दार उघडे ठेवावे. ऐकलेले बाहेर जाणार नाही ही खात्रीही त्याला हवी असते. रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, हा दंडक विमानस्थानातील शिष्योपदेशात आहेच.

पंचकर्म कक्षातील दक्षता

स्नेहन-स्वेदनादी कर्मे ही आपल्या शास्त्राची मोठी शक्ती आहे. तथापि ज्या शरीराने हिंसा किंवा कोंडमारा सोसला आहे, त्याला स्पर्श आणि बंदिस्त जागा यांची भीती वाटू शकते. ढिगाऱ्याखाली काही तास काढलेल्या माणसाला स्वेदनपेटीत मानेपर्यंत बंद केले, तर घामाबरोबर त्याला त्या रात्रीची आठवणही येईल. शिरोधारेत डोळ्यांवर ठेवलेला कापूस एखाद्याला असह्य होईल. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला बस्ती किंवा पिचूसारखे कर्म आधी पुरेसे न समजावता करणे हा दुसरा आघात ठरू शकतो.

म्हणून कर्म कसे केले जाईल हे आधी सांगावे, प्रत्येक टप्प्याला संमती घ्यावी, 'थांबा' म्हटल्यास थांबू असे कबूल करावे व तसे वागावे. स्त्रीरुग्णासाठी स्त्री परिचारिका असावी. पेटीऐवजी नाडीस्वेद, सर्वांगाऐवजी केवळ पादाभ्यंगाने आरंभ, असे पर्याय योजता येतात. परिचारकांनाही हे शिकवावे. उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञता, दाक्ष्य व शौच यांच्या जोडीला अनुराग सांगितला आहे, तो याचसाठी.

माणसांचा टेकू

विमानस्थानातील सत्त्वपरीक्षेत मध्यमसत्त्व पुरुषाचे वर्णन मननीय आहे. असा मनुष्य दुसऱ्याला सोसताना पाहून स्वतःला सावरतो, किंवा इतरांकडून सावरला जातो. आपले बहुसंख्य रुग्ण मध्यमसत्त्वच असतात. समदुःखी माणसांच्या मेळाव्याला याहून स्पष्ट शास्त्राधार कोणता हवा? सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आतुरगृहाच्या संभारात औषधे, भांडी, शय्या यांच्याबरोबर गीत, वाद्य, कथा, आख्यायिका यांत कुशल आणि रुग्णाला प्रिय असे सोबती गणले आहेत. सोबत ही आचार्यांनी साधनसामग्रीत मोजली.

पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हे याचे आजचे उदाहरण आहे. कंपवाताचे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे कुटुंबीय तेथे एकत्र येतात. या क्षेत्रात रुग्णासाठी 'शुभार्थी' आणि काळजीवाहकासाठी 'शुभंकर' असे सुंदर मराठी शब्द रुळले आहेत. 'पेशंट' म्हणून हाक मारणे आणि 'शुभार्थी' म्हणणे यांतला फरक रुग्णाला लगेच कळतो. अशी मंडळे मोठ्या शहरातच चालतात असे नाही. तालुक्याच्या गावी महिन्यातून एका दुपारी आमवाताचे आठ-दहा रुग्ण चिकित्सालयाच्या ओसरीवर बसले, गरम पाण्याने शेक कसा घ्यावा, सकाळचा ताठरपणा असताना भाकरी कशी थापावी, सुनेला कसे सांगावे, एवढे बोलले तरी पुष्कळ होते. वैद्याने तेथे व्याख्यान देऊ नये. बसावे आणि ऐकावे. शुभंकराचीही विचारपूस करावी, कारण रात्र-रात्र जागणाऱ्या त्या व्यक्तीला कोणी काही विचारत नाही.

औषधालयचालकांसाठी

दीर्घकालीन रुग्ण वैद्यापेक्षा अधिक वेळा औषधालयात येतो. म्हणून पुढील गोष्टी औषधालयचालकांच्या हाती आहेत.

१. काउंटरवर रोगाचे नाव मोठ्याने उच्चारू नये. विशेषतः मानसिक विकार, स्त्रीरोग व त्वचारोग यांची औषधे शांतपणे द्यावीत.

२. नियमाने येणारा रुग्ण दोन महिने आला नाही, तर वैद्यांना कळवावे. पैशाची अडचण, घरातील प्रसंग किंवा निराशा यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते.

३. झोपेच्या किंवा 'मन शांत होण्याच्या' औषधाची वारंवार मागणी होत असेल, तर केवळ विक्री न करता रुग्णाला वैद्यांकडे पाठवावे.

४. आमवात वा तमकश्वासाचा रुग्ण चालू असलेली स्टिरॉइडची गोळी स्वतःहून बंद करत असेल, तर त्याला थांबवावे. दीर्घकाळ घेतलेले हे औषध अचानक सोडणे जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायचे असते.

मर्यादा आणि समतोल

आपल्या मर्यादा ओळखणे हाही कारुण्याचा भाग आहे. जगण्यात अर्थ वाटत नाही असे रुग्णाने सुचवले, तर विषय टाळू नये. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ पण मृदू शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार बळावतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णाला एकटे सोडू नये, विश्वासातील नातेवाइकाला बोलवावे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क उपलब्ध आहे. हा क्रमांक चिकित्सालयात व औषधालयात ठळकपणे लावावा. तज्ज्ञाकडे पाठवताना 'आता तिकडेच जा' असे म्हणू नये. 'त्यांनाही भेटा, आणि पुढच्या पंधरवड्यात मलाही भेटा' असे म्हणावे. संशय दूर करणाऱ्यांमध्ये वैद्यसमूह श्रेष्ठ, असे चरकच सांगतात.

शेवटी वैद्याच्या स्वतःच्या मनाविषयी. दिवसभर दुःख ऐकणारा माणूस हळूहळू बधिर होतो किंवा खचतो. वैद्यवृत्तीच्या चार अंगांत उपेक्षा का ठेवली आहे, हे अशा वेळी समजते. आपल्या हाती नसलेल्या गोष्टीचा भार वैद्याने घरी नेऊ नये. त्यासाठी समव्यवसायी मित्रांशी बोलणे, रुग्णाची ओळख न देता अवघड प्रसंगांची चर्चा करणे, हे आपल्या शाखांच्या मासिक सभांमधून सहज होऊ शकते. टेकू देणाऱ्यालाही टेकू लागतो.

वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या नोंदवहीतील केवळ पाच जुने रुग्ण निवडावेत आणि पुढील भेटीत औषध लिहिण्यापूर्वी त्यांना एकच प्रश्न विचारावा: 'या दुखण्यात तुमच्या सोबतीला कोण आहे?' ज्यांच्याकडून उत्तर येणार नाही, त्यांची चिकित्सा त्या ठिकाणापासून सुरू करावी.